स्टॉक कार शर्यतींचे शिल्पकार बिल फ्रान्स: वाळूच्या किनाऱ्यापासून मोटारींच्या शोरूमपर्यंत

मोटार शर्यत म्हटली की भारतीय वाचकांच्या डोळ्यांसमोर प्रथम फॉर्म्युला वन येते. उघड्या चाकांच्या, जमिनीला खेटून धावणाऱ्या आणि केवळ शर्यतीसाठीच बांधलेल्या त्या गाड्या रस्त्यावर कधीच दिसत नाहीत. अमेरिकेत मात्र सर्वाधिक लोकप्रिय ठरलेली मोटार शर्यत नेमक्या उलट कल्पनेतून जन्मली. शेजाऱ्याच्या अंगणात उभी असते तशीच गाडी शर्यतीत धावली, तर सामान्य माणूस ती शर्यत आपली मानेल, ही ती कल्पना. दुकानात विक्रीसाठी ठेवलेल्या मालाला इंग्रजीत स्टॉक म्हणतात. त्यावरून या शर्यतींना स्टॉक कार शर्यती हे नाव मिळाले.

या कल्पनेला नियम, संघटना आणि भव्य शर्यतमार्ग मिळवून देणारे गृहस्थ म्हणजे विल्यम हेन्री गेटी फ्रान्स. फ्रान्स हे त्यांचे आडनाव. सुमारे साडेसहा फूट उंचीमुळे आणि तितक्याच दणकट स्वभावामुळे ते बिग बिल म्हणून ओळखले जात. दुकानातली गाडी कोणती आणि शर्यतीसाठी खास घडवलेली गाडी कोणती, याचा निवाडा सुमारे पाव शतक याच एका माणसाच्या हाती होता. त्या निवाड्यांमुळे अमेरिकेच्या रस्त्यांवर काही अतिशय वेगवान आणि काही अतिशय विचित्र मोटारी अवतरल्या.

वॉशिंग्टनहून डेटोनाला

बिल फ्रान्स यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०९ रोजी झाला. त्यांचे बालपण वॉशिंग्टन परिसरात गेले. वडील बँकेत नोकरीला होते. घरची मॉडेल टी फोर्ड घेऊन हा मुलगा मेरीलँडमधील लॉरेल गावाजवळच्या लाकडी फळ्यांच्या शर्यतमार्गावर फेऱ्या मारून येत असे. टायर इतक्या लवकर का झिजतात, हे कोडे वडिलांना बराच काळ सुटले नाही, असे सांगतात. पुढे बिल यांनी मोटार दुरुस्तीचे काम पत्करले. १९३१ मध्ये त्यांचा विवाह परिचारिका असलेल्या अ‍ॅन ब्लेडसो यांच्याशी झाला.

महामंदीच्या त्या दिवसांत, १९३४ च्या सुमारास, फ्रान्स दांपत्य लहानग्या मुलाला घेऊन दक्षिणेकडे निघाले आणि फ्लोरिडातील डेटोना बीच या गावी स्थिरावले. बिल यांनी तेथे घरे रंगवली, मोटार विक्रेत्याकडे मेकॅनिकचे काम केले आणि पुढे स्वतःचा पेट्रोल पंप चालवला.

डेटोनाची निवड अपघाती नव्हती. तेथील किनाऱ्याची वाळू ओहोटीच्या वेळी सिमेंटच्या रस्त्यासारखी टणक होते. त्यामुळे वेगाचे जागतिक विक्रम तेथे नोंदवले जात. मार्च १९३५ मध्ये ब्रिटनचे सर माल्कम कॅम्पबेल यांनी याच किनाऱ्यावर ताशी २७६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४४५ किलोमीटरचा वेग गाठला. मात्र त्याच वर्षी विक्रमवीरांनी युटा राज्यातील मिठाच्या सपाट मैदानांकडे मोर्चा वळवला आणि डेटोनाचे आकर्षण हरपले.

पर्यटक टिकवण्यासाठी नगर प्रशासनाने ८ मार्च १९३६ रोजी सामान्य मोटारींची शर्यत भरवली. मार्गाची एक बाजू किनाऱ्यावरच्या वाळूची, तर दुसरी समांतर जाणाऱ्या डांबरी रस्त्याची होती. दोन्ही टोकांच्या वळणांवर वाळू उखडून गाड्या रुतू लागल्या आणि शर्यत ठरलेल्या अंतराआधीच थांबवावी लागली. बिल फ्रान्स स्वतः फोर्ड घेऊन त्यात उतरले होते. ते पाचवे आले. नगर प्रशासनाला मोठा तोटा झाला आणि त्याने या उद्योगातून अंग काढून घेतले. १९३८ पासून आयोजनाची धुरा फ्रान्स यांनी एका स्थानिक उपाहारगृह मालकाच्या साथीने उचलली. वाळूच्या टेकड्यांमधून फुकट शिरणाऱ्या प्रेक्षकांना रोखण्यासाठी तेथे विषारी सापांपासून सावध राहण्याचे फलक लावले जात, अशी आठवण सांगितली जाते.

गच्चीवरच्या उपाहारगृहातील बैठक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शर्यती थांबल्या. फ्रान्स डेटोनातील नौका कारखान्यात पाणबुडीविरोधी नौका बांधण्याच्या कामावर होते. युद्ध संपताच शर्यतींना पुन्हा जोर आला, पण कारभार अनागोंदीचा होता. प्रत्येक गावाचे नियम निराळे होते. काही आयोजक तिकिटांचे पैसे गोळा करून बक्षिसे न देताच पसार होत. हातभट्टीची दारू रात्री वाहून नेताना पोलिसांना हुलकावणी देणारे अनेक तरुण चालक या शर्यतींत होते, त्यामुळे प्रतिष्ठित क्रीडा संघटना त्यांच्याकडे नाक मुरडत. फ्रान्स यांनी तत्कालीन मान्यवर मोटार संघटनेचा पाठिंबा मागून पाहिला, तो मिळाला नाही.

अखेर १४ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी डेटोनातील स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरील मद्यगृहात चालक, मेकॅनिक आणि आयोजक अशा सुमारे ३५ जणांना एकत्र बोलावले. चार दिवस चर्चा झाली. नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग हे नाव अटलांटाचे मेकॅनिक रेड व्होट यांनी सुचवले. त्याच्या आद्याक्षरांवरून नॅसकार हा शब्द रूढ झाला. फ्रान्स अध्यक्ष झाले. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी कंपनी म्हणून तिची रीतसर नोंदणी झाली. नावात संघटना असली तरी ती सभासदांची संस्था नव्हती, तर खासगी कंपनी होती. पुढील अनेक संघर्षांचे मूळ या एका बाबीत होते.

स्प्रिंगांवरून झालेला पहिला निवाडा

पहिल्या वर्षी नॅसकारच्या शर्यतींत जुन्या, फेरफार केलेल्या गाड्या धावल्या, कारण युद्धानंतर नव्या मोटारींचा तुटवडा होता. तो कमी होताच फ्रान्स यांनी आपली मूळ कल्पना अमलात आणली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील पाऊण मैलाच्या मातीच्या मार्गावर केवळ नव्या, फेरफार न केलेल्या मोटारींची पहिली शर्यत झाली. तीत ३३ गाड्या होत्या.

गाड्या खरोखरच घरच्या होत्या. उत्तर कॅरोलिनाचे ली पेटी यांनी मित्राकडून मागून आणलेली ब्युइक शर्यतीत उलटली. त्याच गाडीतून आलेल्या त्यांच्या कुटुंबाला परतताना दुसऱ्याच्या गाडीचा आसरा घ्यावा लागला. हे सारे पाहणारा ११ वर्षांचा मुलगा रिचर्ड पेटी पुढे या खेळाचा सर्वाधिक यशस्वी चालक झाला.

अंतिम रेषा सर्वप्रथम ग्लेन डनअवे यांच्या फोर्डने ओलांडली. तपासणीत तिच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळला. दारूच्या ओझ्याने गाडी वळणावर डोलू नये म्हणून वाहतूकदार करत असलेली ती युक्ती होती. डनअवे अपात्र ठरले आणि लिंकन चालवणारे जिम रोपर विजेते झाले. फोर्डच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा लावला, परंतु न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या शर्यतीचे नियम ठरवण्याचा आणि ते लागू करण्याचा अधिकार संघटनेला आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

रविवारची शर्यत, सोमवारची विक्री

मोटार कंपन्यांच्या लक्षात या शर्यतींचे मोल लवकरच आले. १९४९ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने १३५ अश्वशक्तीचे नवे व्ही-८ इंजिन तुलनेने हलक्या गाडीत बसवून रॉकेट ८८ बाजारात आणली होती. त्या वर्षीच्या आठ शर्यतींपैकी पाच ओल्ड्समोबिलने जिंकल्या. रविवारी जिंकलेल्या गाडीची चौकशी करायला सोमवारी ग्राहक शोरूममध्ये येतात, असा विश्वास विक्रेत्यांमध्ये रुजला.

त्यानंतर हडसन हॉर्नेटचे युग आले. तिचे तळघर खोलगट होते, त्यामुळे गाडीचा भार जमिनीलगत राही आणि वळणांवर ती स्थिर असे. १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हॉर्नेटने जिंकल्या. शर्यतीत वापरायचा प्रत्येक भाग ग्राहकालाही विकत मिळाला पाहिजे, या नियमाचा हडसनने चतुराईने उपयोग केला. खडतर वापरासाठीचे सुटे भाग म्हणून तिने शर्यतीची सामग्री आपल्या यादीतच समाविष्ट केली. मात्र विजयांनी कंपनी तगली नाही. विक्री घटत गेल्याने १९५४ मध्ये हडसनला नॅश कंपनीत विलीन व्हावे लागले. २००६ च्या कार्स या ॲनिमेशनपटातील वयोवृद्ध डॉक हडसन हे पात्र म्हणजे हीच हॉर्नेट होय.

१९५५ मध्ये क्रायस्लरने सी-३०० ही ३०० अश्वशक्तीची ऐषारामी मोटार आणली. त्या वर्षी टिम फ्लॉक यांनी ती चालवत १८ शर्यती आणि विजेतेपद जिंकले. मात्र त्याच वर्षी फ्रान्समधील ल मान्स येथील भीषण अपघातात ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि मोटार शर्यतींवर टीकेची झोड उठली. १९५७ मध्ये अमेरिकी मोटार उत्पादकांनी शर्यतींतून अधिकृतरीत्या माघार घेतली. कागदोपत्री ती माघार होती, पडद्याआडची मदत थांबली नाही.

डेटोनाचे स्वप्न

किनाऱ्यावर हॉटेले वाढत होती आणि भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारी शर्यत फार काळ टिकणार नाही, हे फ्रान्स यांनी ओळखले होते. १९५३ पासून ते कायमस्वरूपी शर्यतमार्गाच्या प्रयत्नांत होते. पैसा उभा करण्यात वर्षे गेली. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. अडीच मैलांच्या या मार्गाची वळणे ३१ अंशांनी कललेली होती. गाडीने वेग कमी न करता वळण घ्यावे, हा त्यामागील हेतू. भराव घालण्यासाठी मार्गाच्या मधल्या मैदानातून इतकी माती उपसली गेली की तेथे तळे तयार झाले.

२२ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली डेटोना ५०० शर्यत झाली. ५०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरच्या झुंजीनंतर अंतिम रेषेवर तीन गाड्या जवळजवळ एकाच वेळी पोहोचल्या. त्यातील एक फेरीने मागे होती. जॉनी बोशँप यांना विजेते घोषित करण्यात आले. ली पेटी यांनी हरकत घेतली. फ्रान्स यांनी छायाचित्रे आणि चित्रफिती मागवल्या आणि तीन दिवसांनी विजय पेटी यांना बहाल केला. त्या तीन दिवसांत देशभरातील वर्तमानपत्रांत या वादाची चर्चा होत राहिली आणि नव्या शर्यतमार्गाला अनायासे प्रसिद्धी मिळाली.

हेमी इंजिनाचा पेच

फेब्रुवारी १९६४ मध्ये क्रायस्लरने डेटोनात ४२६ घनइंचांचे नवे इंजिन उतरवले. ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असल्याने ते हेमी म्हणून ओळखले जाते. रिचर्ड पेटी यांनी त्याच्या बळावर २०० पैकी १८४ फेऱ्यांत आघाडी राखून शर्यत जिंकली. पहिले तिन्ही क्रमांक प्लिमथ गाड्यांनी पटकावले. अडचण एकच होती. हे इंजिन कोणत्याही शोरूममध्ये मिळत नव्हते.

त्याच वर्षाने या खेळाला हादरवून सोडले. जो वेदरली, फायरबॉल रॉबर्ट्‌स आणि जिमी पार्ड्यू या तीन नामांकित चालकांचा मृत्यू झाला. रॉबर्ट्‌स शार्लटच्या शर्यतीत भाजले आणि जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. वेग वाढला होता, पण टायर आणि पेट्रोलच्या टाक्या त्या वेगाच्या तोडीच्या नव्हत्या. न फुटणाऱ्या टाक्या आणि दुहेरी अस्तराचे टायर यांच्या विकासाला त्यानंतरच गती आली.

फ्रान्स यांनी १९६५ साठी हेमीवर आणि फोर्डच्या तशाच एका खास इंजिनावर बंदी घातली. संतापलेल्या क्रायस्लरने शर्यतींवर बहिष्कार टाकला. पेटी बाहेर राहिले, जवळजवळ सर्व शर्यती फोर्ड जिंकू लागली आणि प्रेक्षक रोडावले. अखेर वर्षाच्या मध्यास तडजोड झाली. १९६६ मध्ये क्रायस्लरने ४२५ अश्वशक्तीचे हेमी सामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आणले. रस्त्यावरील हेमी या नावाने गाजलेल्या त्या मोटारी आज संग्राहकांच्या लिलावांत मोठ्या किमतीला जातात. एका शर्यतीच्या नियमामुळे त्या जन्माला आल्या.

चालकांचा आवाज

फ्रान्स यांचा अधिकार गाड्यांपुरता मर्यादित नव्हता. १९६१ मध्ये कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांची कामगार संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांवर तहहयात बंदी घालण्यात आली. १९६५ मध्ये तिकीटविक्री घसरली तेव्हा ही बंदी उठली आणि लोकप्रिय टर्नर परतले. तत्त्व आणि तिकीटबारी यांच्या संघर्षात फ्रान्स कोणाच्या बाजूला झुकतील, हे नेहमीच सांगता येत नसे.

व्हर्जिनियाचे कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट यांच्या वाट्याला आलेला अन्याय याच काळातला. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे त्यांनी शर्यत जिंकली, पण विजयध्वज बक बेकर यांना दाखवण्यात आला. प्रेक्षक पांगल्यानंतर मोजणीतील चूक मान्य झाली. स्कॉट १९९० मध्ये निवर्तले. त्यांच्या कुटुंबाला त्या विजयाचा चषक नॅसकारकडून २०२१ मध्ये मिळाला.

टॅलाडेगाची कसोटी

१९६९ मध्ये फ्रान्स यांनी अलाबामा राज्यातील टॅलाडेगा येथे डेटोनाहून मोठा शर्यतमार्ग उभारला. त्याची लांबी २.६६ मैल आणि वळणांचा कल ३३ अंशांचा. या कामी त्यांना वर्णविभाजनाचे पुरस्कर्ते राजकारणी जॉर्ज वॉलेस यांचे पाठबळ लाभले. पुढे १९७२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी वॉलेस यांनी फ्लोरिडात केलेल्या प्रचाराची सूत्रे फ्रान्स यांनी सांभाळली.

सप्टेंबर १९६९ मधील पहिल्या शर्यतीपूर्वीच्या सरावात वेग ताशी २०० मैलांच्या जवळ पोहोचला आणि काही फेऱ्यांतच टायरांच्या चिंधड्या होऊ लागल्या. चालकांनी महिनाभरापूर्वी नवी संघटना स्थापन केली होती आणि तिचे नेते होते रिचर्ड पेटी. त्यांनी शर्यत पुढे ढकलण्याची मागणी केली. फ्रान्स यांनी ती नाकारली. मार्ग सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावरील फ्रान्स स्वतः गाडीत बसले आणि ताशी सुमारे १७६ मैल, म्हणजे २८३ किलोमीटर वेगाने फेऱ्या मारून आले. चालकांचे समाधान झाले नाही, कारण प्रश्न त्याहून अधिक वेगाचा होता. तीसहून अधिक चालक गाड्या घेऊन निघून गेले.

१४ सप्टेंबर रोजी शर्यत झालीच. लहान गाड्यांच्या शर्यतीतील चालकांना घेऊन रांग भरण्यात आली, टायर तपासण्यासाठी वेळोवेळी वेग रोखण्यात आला आणि प्रेक्षकांना त्याच तिकिटावर पुढील एक शर्यत पाहण्याची मुभा देण्यात आली. सुदैवाने गंभीर अपघात झाला नाही. रिचर्ड ब्रिकहाउस हे तरुण चालक विजेते ठरले. त्या वरच्या श्रेणीतील त्यांचा तो एकमेव विजय. फ्रान्स यांनी तो दिवस जिंकला आणि चालकांची संघटना काही वर्षांत विरून गेली. टायरांबाबत मात्र चालकांचेच म्हणणे खरे होते.

पंख लावलेल्या मोटारी

ब्रिकहाउस यांनी चालवलेली गाडी होती डॉज चार्जर डेटोना. वाऱ्याचा अडथळा कापण्यासाठी पुढे टोकदार नाक आणि मागे माणसाच्या खांद्याएवढा उंच पंख असलेली ही मोटार फ्रान्स यांच्याच नियमाचे अपत्य होती. शर्यतीत उतरवायच्या गाडीच्या किमान ५०० प्रती ग्राहकांसाठी बनवल्या पाहिजेत, अशी अट होती. डॉजने जेमतेम तेवढ्याच बनवल्या. फोर्डची टोरिनो टॅलाडेगा ही गाडीही याच अटीपोटी आली. १९७० मध्ये ही अट विक्रेत्यांच्या संख्येशी जोडण्यात आल्याने प्लिमथला तशाच सुपरबर्ड मोटारीच्या १,९०० हून अधिक प्रती तयार कराव्या लागल्या. मार्च १९७० मध्ये बडी बेकर यांनी चार्जर डेटोनातून टॅलाडेगावर ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला.

ग्राहकांना मात्र हे रूप रुचले नाही. सुपरबर्ड विक्रेत्यांच्या आवारात पडून राहिल्या. काहींनी तर नाक आणि पंख उतरवून त्या विकल्या. वेगाला लगाम घालण्यासाठी फ्रान्स यांनी १९७१ पासून या गाड्यांच्या इंजिनाची मर्यादा ३०५ घनइंचांवर आणली आणि त्यांचे शर्यतीतील आयुष्य संपले. शर्यतीसाठी रस्त्यावरची गाडी निवडायची, हा प्रवास आता उलटला होता. शर्यतीत उतरता यावे म्हणून रस्त्यावर गाडी आणली जात होती आणि कल्पनेचा मूळ अर्थ तेथेच निसटला.

वारसा

१९७१ मध्ये तंबाखू कंपनीचे प्रायोजकत्व आले आणि खेळाच्या अर्थकारणाचे स्वरूप पालटले. १० जानेवारी १९७२ रोजी फ्रान्स यांनी अध्यक्षपद थोरले पुत्र बिल फ्रान्स धाकटे यांच्याकडे सोपवले. तिकीटविक्री आणि हिशेब दीर्घकाळ सांभाळणाऱ्या अ‍ॅन यांचे जानेवारी १९९२ मध्ये निधन झाले. पाच महिन्यांनी, ७ जून १९९२ रोजी, बिल फ्रान्स यांनी वयाच्या ८२ व्या वर्षी अखेरचा श्वास घेतला. कंपनी कुटुंबाकडेच राहिली आणि २०१८ मध्ये तिची सूत्रे धाकटे पुत्र जिम यांच्याकडे आली.

२०१० मध्ये शार्लट येथे सुरू झालेल्या नॅसकारच्या कीर्तिदालनात पहिल्या पाच मानकऱ्यांमध्ये बिल फ्रान्स यांचा समावेश झाला. रिचर्ड पेटी हेही त्या पाचांत होते. योगायोग असा की त्याच वर्षी भारताचे नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले आणि या खेळाशी भारताचे नाव प्रथमच जोडले गेले. २०२१ मध्ये टॅलाडेगावर बब्बा वॉलेस हे सर्वोच्च श्रेणीतील शर्यत जिंकणारे वेंडेल स्कॉट यांच्यानंतरचे पहिले कृष्णवर्णीय चालक ठरले.

आजच्या नॅसकार गाड्यांचा शोरूममधील मोटारीशी संबंध नावापुरता उरला आहे. त्यांचे सांगाडे शर्यतीसाठीच बनतात आणि पुढचे दिवे म्हणजे केवळ चिकटवलेली चित्रे असतात. बिल फ्रान्स यांनी ज्या अटीवर आपले साम्राज्य उभारले, ती अट त्यांच्या हयातीतच क्षीण होत गेली. ती पाळण्यासाठी कंपन्यांनी नाइलाजाने बनवलेल्या मोटारी मात्र संग्राहकांच्या गॅरेजांत जपल्या जात आहेत आणि क्रमांकाच्या पाट्या लावून आजही अधूनमधून साध्या रस्त्यावर उतरतात.